एक प्रभू, अनेक सूर



‘गिटार नको’, ‘टाळ-तबला नको’ असे वाद आपल्या मंडळ्यांत ऐकू येतात. पण नाताळचे ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे प्रथम गाइले गेले, ते गिटारवरच! रेव्ह. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचा महिमा अभंगांत गाइला. थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय अमेरिकन गीतकाराने १९३२ साली पत्नी व नवजात बाळ गमावल्यावर प्रभूला हात धरण्याची विनवणी करणारे गीत रचले. ते दुःख आपल्याला परके आहे काय?

स्तोत्र १५० तंतुवाद्ये व झांजा दोहोंना बोलावते. राजासनापुढे तर सर्व भाषांचे लोक उभे राहणार आहेत (प्रकटी. ७:९). म्हणून शब्बाथ शाळेत मुलांना परदेशचे एक गीत अर्थासह शिकवू या, आणि आलेल्या पाहुण्यांना आपला एक अभंग देऊ या. स्वर्गातील गायनाची तालीम येथेच व्हावयाची आहे.