पिंजरा, बक्षीस आणि विवेक

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याने बिऱ्हाड केले, ते आपल्याच आमिषाने. रात्री वस्तीवर यावे आणि अंगणातले कुत्रे वा करडू अलगद मिळावे! ज्या कृतीला तत्काळ फळ लाभते, ती प्राणी पुन्हा करतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर व कबुतरांवर प्रयोग करून अभ्यासलेले साधक अभिसंधान ते हेच.

शिक्षेचे गणित मात्र इतके सरळ नाही. २००१ पासून येथील अनेक बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार जुन्नर वन विभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यानंतर ते १७ वर गेले. पिंजरा कोणत्या अपराधासाठी, हे त्या मुक्या जनावराला कसे उमगावे? कित्येकदा तर अपराधी दुसराच असतो.

माणसाला कारण सांगता येते. तरी आम्हीही पिंजरेच मांडले. धर्मशिक्षणाच्या वर्गात हजेरीसाठी आम्ही संतांची चित्रे वाटत असू, गैरहजर मुलांना गुडघ्यांवर बसवत असू. चित्रे संपली आणि बाके ओस पडली. भय सर्वस्वी टाकाऊ, असे आम्ही म्हणणार नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली नरकभयातून उपजलेल्या अपूर्ण पश्चात्तापालाही देवाचे दान मानले. पण ते दान उंबरठ्यापर्यंत आणते. आत जायचे ते प्रेमाने.

चित्रे संपल्यावरही एक मुलगा येत राहिला. का, असे विचारता म्हणाला, "फादर, मागच्या रविवारी तुम्ही गोष्ट अर्धीच सोडली होती."