जिथे घासते तिथे

एखादी गोष्ट जिथे खुपते तिथेच तिचे कारण असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. माणसांचा न्याय करताना हा समज किती घातक ठरतो, हे मला एका जुन्या सायकलने शिकवले.

माझ्याकडे पोलादी फ्रेमची जुनी रेसिंग सायकल आहे. तिच्या मागच्या चाकाचा आस ज्या खाचांत बसतो त्या आडव्या आहेत. त्यामुळे आस पुढेमागे सरकवता येतो. ही जशी सोय, तशी जोखीमही. चढावर पायडलवर जोर दिला की चेन आसाचे उजवे टोक पुढे ओढते. नट पुरेसा आवळलेला नसेल, तर ते टोक सरकते, चाक तिरपे होते आणि टायर डाव्या चिमट्याला घासू लागतो. ओढ उजवीकडची, ओरखडा डावीकडे!

माझे तसेच झाले. मी केवळ घासणारी बाजू पाहिली, चाक 'आऊट' झाले असा निकाल दिला आणि सारी संध्याकाळ उजवीकडचे स्पोक आवळण्यात व डावीकडचे सैल करण्यात घालवली. रिम मध्यावर आल्यासारखी दिसली. दुसऱ्या दिवशी चढावर आस पुन्हा सरकला, चाक पुन्हा घासले.

शेवटी सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी प्रथम आस दोन्ही खाचांत सारखा बसवला. तेव्हा रिम उजवीकडे झुकली. मग चाक काढून उलटे बसवले, तर ती डावीकडे गेली. फ्रेम वाकडी असती, तर रिम दोन्ही वेळा एकाच बाजूला राहिली असती. काका शांतपणे म्हणाले, "सर, आता दोष चाकातच आहे. पण तो तुम्ही घातलेला."

ते वाक्य मनातून जाईना. आईच्या आजारपणात धाकट्या भावाने घरात आवाज चढवला, तेव्हा मी त्याला सर्वांदेखत खडसावले होते. आवाज त्याचा होता, हे खरे. परंतु त्याला न विचारता प्रत्येक निर्णय घेणारा मीच होतो. ती ओढ कोणाला दिसली नाही, मलाही नाही. त्यानंतर तो खरोखरच तुटक वागू लागला आणि मी समाधानाने म्हणालो, "पाहा, स्वभावच तसा!" अन्यायाने दिलेली शिक्षा कधीकधी आपला पुरावा स्वतःच निर्माण करते.

मग घासणारा निर्दोष असतो काय? तसेही नाही. चढलेल्या आवाजाची जबाबदारी ज्याची त्यालाच घ्यावी लागते. मात्र निवाडा करणाऱ्याने आधी स्वतःच्या बाजूचा नट तपासला पाहिजे.

काकांनी चाक एका झटक्यात सरळ केले नाही. प्रत्येक स्पोक पाव फेरा, पुन्हा तपासणी, पुन्हा पाव फेरा. चूक कबूल करणे क्षणाचे काम असते; बिघडवलेले पूर्ववत करण्यास संध्याकाळी लागतात. पश्चात्तापाबरोबर भरपाईही का हवी, हे त्या दुकानात मला उमगले.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी भावाच्या घरी गेलो. फारसे बोलणे झाले नाही. चहा झाला. पहिला पाव फेरा, इतकेच.