चेहऱ्याशेजारचा रंग

पॅरिसमधल्या गोबेलिन या सरकारी विणकाम कारखान्यात 1824 साली मिशेल यूजेन शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख झाला. त्याच्यापुढे आलेल्या तक्रारींत एक काळ्या लोकरीबद्दल होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना वापरलेला काळा धागा मरगळलेला दिसतो, त्यात दम नाही, असं विणकरांचं म्हणणं. शेव्रलनं इतर नामांकित रंगाऱ्यांकडची काळी लोकर मिळवली आणि आपल्याकडच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगाईत काहीच उणं नव्हतं. काळ्याला मारत होता तो त्याच्या शेजारचा निळा. पुढे बरीच वर्षं प्रयोग करून 1839 साली त्यानं रंगांच्या परस्परविरोधाच्या नियमावर जाडजूड ग्रंथ काढला. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला स्वतःपासून दूर ढकलतो, हे त्याचं सार. त्या ग्रंथात गालिचे आहेत, बागेतले फुलांचे ताटवे आहेत, आणि कोणत्या वर्णाच्या चेहऱ्याला कोणत्या रंगाचं वस्त्र शोभेल, याचाही विचार आहे.

माणसाची त्वचा हाही एक रंगच, आणि गळ्याशी येणारं कापड हा त्याचा सर्वांत जवळचा शेजारी. गर्द हिरवं कापड गळ्याशी आलं की डोळ्याला चेहऱ्यातला तांबूसपणा जास्त जाणवतो. लालभडक आलं की तोच तांबूसपणा मागे पडतो. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते, ती साध्या उजेडाची. कापडावर पडलेला प्रकाश उलटून हनुवटीखाली आणि गालांवर येतो. पिवळंधमक कापड पिवळा उजेड टाकतं, पांढरंशुभ्र कापड डोळ्यांखालची सावली थोडी भरून काढतं. फोटोग्राफर चेहऱ्याखाली थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायला लावतात तो याचसाठी. कधी शेजाराचा हा परिणाम आणि उलटून आलेला उजेड चेहऱ्याला एकाच दिशेनं ओढतात, कधी परस्परांविरुद्ध. म्हणून एका रंगात माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्यात ताजातवाना, याला मनाचे खेळ म्हणून उडवून लावता येत नाही.

या निरीक्षणावर विसाव्या शतकात ऋतूंची पद्धत उभी राहिली. योहानेस इटेन हा स्विस चित्रकार, जर्मनीतल्या बाउहाउसचा एकेकाळचा शिक्षक. 1928 साली तो एका वर्गाला रंगसंगती शिकवत होता. त्यानं ठरवून दिलेल्या संगती विद्यार्थ्यांना रुचेनात, तेव्हा त्यानं प्रत्येकाला स्वतःला सुसंवादी वाटेल ती रंगसंगती रंगवायला सांगितली. निघालेल्या चित्रांत विलक्षण फरक होता, आणि पुष्कळदा ज्याचं चित्र त्याच्याच केसांशी, डोळ्यांशी, वर्णाशी नातं सांगणारं होतं. इटेनला यात कलावंताच्या स्वभावाची खूण दिसली. कपड्यांचा विषय त्याच्या डोक्यात नव्हता. तो आणला अमेरिकेत सुझान केगिल या टोप्या आणि पोशाख करणाऱ्या बाईंनी. त्यांनी माणसांचे वर्ण चार ऋतूंत बसवले. मग 1980 साली कॅरोल जॅक्सन यांचं ‘कलर मी ब्यूटिफुल’ आलं आणि ही पद्धत घरोघरी गेली. वर्णात ऊब असेल तर वसंत किंवा शरद, गारवा असेल तर उन्हाळा किंवा हिवाळा. त्यातही झळकते रंग वसंत-हिवाळ्याकडे, मवाळ रंग उन्हाळा-शरदाकडे. नंतर चाराचे बारा झाले, काहींनी सोळा केले. आज दक्षिण कोरियात यासाठी खास स्टुडिओ आहेत. तिथे आरशासमोर बसवतात, मेकअप उतरवतात आणि हनुवटीखाली एकामागून एक रंगीत कापडं धरून चेहऱ्यात काय बदलतं ते पाहतात.

या बसण्याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे बाईच्या अंगावरचा रंग तिच्या चेहऱ्याला विचारून ठरत नसे. सुवासिनीला हिरवा, सोवळ्या झालेल्या विधवेला आलवणाचा लाल, काळं सणासमारंभात वर्ज्य आणि फक्त संक्रांतीला चालणारं. रंग सांगायचा तो तुमची समाजातली जागा. केशवपन झालेल्या किती बायकांचं सारं आयुष्य एका आलवणात गेलं, आणि त्या रंगात त्या कशा दिसतात हे पाहावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. अशा घरांमधून आलेल्या आपल्या पणत्या-नाती आरशासमोर बसून स्वतःला विचारतात, मला काय खुलतं? हा प्रश्न विचारायची मोकळीक मोठ्या कष्टानं मिळाली आहे. त्याला नटवेपणा म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण उत्तर म्हणून हातात काय पडतं? चार खणांपैकी एक खण. आणि ते खण केले तेव्हा समोर कोण बसलेलं होतं, याचा विसर पडू देता कामा नये. सोनेरी, तांबूस, करडे, काळे केस, निळे, घारे, हिरवे डोळे, असं वैविध्य ज्या समाजात आहे, तिथे ही वाटणी झाली. जॅक्सन यांच्या पुस्तकात आशियाई आणि कृष्णवर्णी लोकांची रवानगी बहुतांशी हिवाळ्यात होते. काळे केस, काळेभोर डोळे, म्हणजे हिवाळा. एका मराठी घरातल्या चार भावंडांचा वर्ण पाहा: एक निमगोरा, एक गव्हाळ, एक तांबूस छटेचा सावळा, एक पिवळसर छटेचा सावळा. या चौघांना एकाच ऋतूत कोंबणारी पद्धत त्यांच्याकडे पुरेसं पाहतच नाही. मनगटावरच्या शिरांचा ठोकताळाही तसाच. शिरा हिरवट दिसल्या तर वर्ण उबदार, निळसर दिसल्या तर थंड, असं सांगतात. शिरेतलं रक्त गडद लालच असतं. निळा-हिरवा दिसतो तो त्वचेत प्रकाश विखुरल्यामुळे आणि आजूबाजूच्या रंगामुळे. त्वचेत मेलॅनिन जास्त असेल तर ती शीर धड दिसतही नाही.

ऋतूंचंही तेच. पानांचा तांबडा-केशरी रंग म्हणजे शरद, हे युरोप-अमेरिकेच्या रानांतलं सत्य आहे. सह्याद्रीत पानं लाल होतात ती वसंतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोशिंबाची कोवळी पालवी रक्तासारखी लाल फुटते, पिंपळाची तांब्यासारखी. त्याच दिवसांत पळस आणि पांगारा पेटलेले असतात. आणि पाऊस सरल्यावर, शरदातच, कासच्या पठारावर जांभळी-पिवळी फुलं असतात आणि बाकी सगळं हिरवंगार. ज्या मुलीनं हे डोंगर पाहिलेत तिला ‘तू शरद आहेस, म्हणून विटकरी घाल’ असं सांगण्यात काय अर्थ उरतो?

कॅमेऱ्याचा इतिहासही डोळ्यांआड करून चालत नाही, कारण आता रंगाची ही पारख मोबाइलवर करून मागतात. अमेरिकेत रंगीत छपाई जुळवून घेण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो दिला जाई, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर अनेक वर्षं गोरी बाईच असे. तिची त्वचा ठीक उमटली की छपाई ठीक. सावळी माणसं त्या फिल्मवर काळीठिक्कर उमटत, चेहऱ्याचे बारकावे बुडून जात. आजचे फोन पुष्कळ सुधारले आहेत. तरी ते चेहरा ओळखून आपणहून तो उजळवतात, पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतात. असा फोटो पाहून कुणी तुमचा ऋतू सांगत असेल, तर तो फोनचा ऋतू सांगतो आहे.

मला सगळ्यांत जास्त खुपतं ते या सगळ्याच्या मुळाशी असलेलं माप. रंग ‘चांगला दिसतो’ म्हणजे नेमकं काय झालं? साडीच्या दुकानात गादीवर बसलेला विक्रेता पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो, मग समोरच्या मुलीच्या खांद्यावर ठेवतो आणि म्हणतो, ‘ताई, यात तुम्ही उजळ दिसता.’ सोबतची आई, मावशी, काकू माना डोलावतात. म्हणजे कपड्याचं काम ठरलं: वर्णावर पांघरूण घालणं. ‘तुझ्या रंगाला पिवळं नको’, ‘भडक घालू नकोस, अजून सावळी दिसशील’, ‘आपल्याला फिकेच बरे’, हे सल्ले इतक्या प्रेमानं दिले जातात की त्यांतला घाव देणाऱ्याला कळतच नाही. सावळ्या मुलीला तो आयुष्यभर पुरतो. कपाटातल्या मातकट, राखाडी, बदामी कुर्त्यांच्या थप्पीत तो दिसतो. ‘फेअर अँड लव्हली’नं 1975 पासून विकलेलं स्वप्न तेच होतं, 2020 साली नावातला गोरेपणा गेला, दुकानातल्या आरशासमोरचा अजून गेलेला नाही.

आणि हे आपल्या परंपरेलाही धरून नाही. ज्या दैवतापुढे उभा महाराष्ट्र डोकं टेकवतो, तो सावळा विठोबा पीतांबर नेसतो. पिवळ्या रेशमानं त्याचं सावळेपण कमी होत नाही, ते उठून दिसतं, आणि तसंच ते आपल्याला हवं असतं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी एकाच भिंतीवर गोऱ्या, गव्हाळ आणि गर्द सावळ्या आकृती रंगवल्या आणि सावळ्या आकृतींना दागिन्यांत, रेखाटनात, नजरेत काही कमी पडू दिलं नाही. ती नजर इथलीच आहे.

मग रंग निवडायचा कसा? मला वाटतं, सर्वांत शहाणी पद्धत आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. मॅचिंग सेंटरवाला टू बाय टू रुबियाचे तागे फळीवरून काढतो, साडीच्या काठाशी लावतो, आणि जरा शंका आली की म्हणतो, ‘बाहेर उजेडात बघा.’ ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात, हे तो रोजच्या धंद्यात शिकलेला असतो. बारीक फरक ओळखणारी भाषाही त्याच्यापाशी आहे: आमसुली आणि वांगी, अंजिरी आणि डाळिंबी, शेवाळी आणि पोपटी, चिंतामणी आणि मोरपंखी. तो ब्लाउजपीस साडीला लावतो तेवढ्याच काळजीनं आपण कापड चेहऱ्याला लावून पाहावं.

दारात उभं राहायचं, उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात. कापड हनुवटीखाली धरायचं आणि कापडाकडे न पाहता चेहऱ्याकडे पाहायचं. आधी नजर कापडावर जाते की डोळ्यांवर? डोळ्यांखालची काळसर वर्तुळं गडद झाली की विरली? ओठांची कड स्पष्ट आहे की पुसट? चेहरा गोरा झाला का, हा प्रश्न यात कुठेही येत नाही. आल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकारानं 1905 साली रंगाचे तीन गुण वेगळे करून दाखवले: रंगाची जात, त्याचा गडद-फिकेपणा आणि त्याची तीव्रता. ऊब-गारव्याचा सगळा खटाटोप यांतल्या पहिल्या गुणाभोवती फिरतो. आपल्या वर्णांसाठी उरलेले दोन अधिक महत्त्वाचे ठरतात, असं माझं ठाम मत आहे. गव्हाळ चेहऱ्याला बदामी रंग बरेचदा मारक ठरतो तो उबदार किंवा थंड असल्यामुळे नव्हे, कापड आणि कातडी सारख्याच गडदपणाची झाल्यामुळे. चेहरा कुठे संपतो आणि कुर्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. तोच चेहरा गर्द डाळिंबीत किंवा मोतिया पांढऱ्यात लगेच जागा होतो. ‘गुलाबी मला शोभत नाही’ म्हणणारीनं फिकट गुलाबी आणि राणी दोन्ही लावून पाहिलेत का? नावानं दोन्ही गुलाबीच, चेहऱ्यावर मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

आणि इतकं पाहूनही एखादा रंग निव्वळ आवडतो म्हणून घालावा. आईच्या लग्नातला शालू तुमच्या ऋतूत बसत नसला तरी नेसावा. शेव्रलनं नियम सांगितला तो डोळ्याला काय दिसतं याचा. कुणी काय नेसावं हे त्यावरून ठरत नाही.

माझी एकच विनंती आहे, आणि ती घरातल्या मोठ्या बायकांना आहे. दिवाळीच्या खरेदीला सावळी मुलगी बरोबर असेल आणि तिनं पिवळ्या साडीला हात घातला, तर ‘तुझ्या रंगाला नको’ म्हणू नका. साडी घेऊन तिच्याबरोबर दुकानाच्या दारापर्यंत जा, पदर तिच्या खांद्यावर टाका आणि तिला आरशात बघू द्या. काय घ्यायचं ते तिचं ती ठरवेल.