उबेचा वाटा

वूस्टरमधल्या त्या तीन मजली लाकडी घराच्या तळघरात तेलाची टाकी आहे, २७५ गॅलनची. टाकीच्या माथ्यावर पारदर्शक नळी असते आणि तिच्यात एक लाल खूण तेलाबरोबर वर-खाली होते. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी काकूंनी बॅटरीचा झोत टाकून मला ती दाखवली. खूण तळाला टेकत आली होती.

"शंभर गॅलनच्या आत गाडीच येत नाही हो त्यांची. साडेतीनशे डॉलर एकदम कुठून आणायचे?"

वर आलो. थर्मोस्टॅट ५८ अंश फॅरनहाइटवर. भाड्याच्या घरात हीटर दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंशांपर्यंत घर तापवू शकला पाहिजे, असा मॅसॅच्युसेट्सचा नियम आहे. पण करारानुसार तेल भाडेकरूनेच भरायचं असेल तर काटा खाली ओढणारा हात आपलाच असतो. पक्षाघातातून उठलेले काका गोधडीत गुंडाळून बसले होते. काकू शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. त्यांच्या अंगात दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला कानटोपी. चहाचा कप त्यांनी पिण्याआधी बराच वेळ दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.

मी पिशवीतून तेलाच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज काढला. गेली सहा वर्षं मी हिवाळ्यात लोकांना हे अर्ज भरायला मदत करतो. काकूंनी तो हळूच माझ्याकडे सरकवला. "आजवर कुणापुढे हात पसरला नाही. आता या वयात नको. आमच्याहून गरजू लोक असतील."

हे वाक्य मी पोर्तो रिकोच्या आजींकडून ऐकलंय, घानाहून आलेल्या टॅक्सीवाल्याकडून ऐकलंय. मराठीत ऐकलं तेव्हा मात्र ते आत रुतलं, कारण हा संस्कार माझ्याही घरचा. मदत घेणं म्हणजे मिंधं होणं का? हा प्रश्न अर्जाचा नाही, धर्माचा आहे.

माझे आजोबा साताऱ्याकडच्या खेड्यातून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. ती भीक नव्हती, समाजाने लावलेली व्यवस्था होती, असं घरात अभिमानाने सांगत. पण एका घरी ताट वाढताना आदळलं जायचं, तो आवाज आजोबा म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. शिवाय ती ताटं ठरावीक जातीच्या मुलांसाठीच होती. देणाऱ्याच्या मर्जीवर आणि घेणाऱ्याच्या जातीवर उभी असलेली व्यवस्था कितीही प्रेमळ असली, तरी तिला न्याय म्हणता येत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणं आली आहेत: योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता. यातल्या 'पात्र' शब्दापाशी आपण अडतो. पात्र म्हणजे लायक, मग लायकी तपासा. सरकारी अर्जातही शब्द तोच, पात्रता. पण पात्र म्हणजे भांडंही. भांड्याची लायकी एकच, ते रिकामं असणं. बर्फ पडत असताना तळघरातली टाकी रिकामी असेल, तर देश, काल आणि पात्र तिन्ही एका जागी आले. आणखी काय तपासायचं?

विनोबांनी यापुढचं पाऊल टाकलं. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी ८० एकर मागितले आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले. तिथून भूदान सुरू झालं. शंकराचार्यांनी दानाचा अर्थ संविभाग, म्हणजे नीट वाटून घेणं, असा लावला आहे. विनोबा तोच धरून चालले. हवा, पाणी, सूर्यप्रकाश यांसारखी जमीनही सगळ्यांची, हे त्यांचं म्हणणं. मग जमिनीच्या पोटातलं तेल कुणी निर्माण केलं? थंडीत जिवंत राहण्याइतकी ऊब हा वाटा आहे. तो पोचवणाऱ्याने उपकार केले असं होत नाही.

काकू गेली बावीस वर्षं कर भरतात, तेव्हा हा त्यांचाच पैसा, असंही मी त्यांना सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. तो हिशोब खरा असला तरी तोकडा आहे. वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाने एक डॉलरही कर भरलेला नाही. त्याला थंडी कमी वाजावी का?

सत्तरच्या दशकात तेलाचे भाव दोनदा भडकल्यानंतर, १९८१ साली, अमेरिकेच्या संसदेने ही योजना कायद्यात आणली. कागदोपत्री लाइहीप, आमच्याकडे बोलताना फ्युएल असिस्टन्स. इथे राज्याच्या मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या आत असलेलं घर अर्ज करू शकतं. पण वॉशिंग्टनहून येणारी रक्कम ठरलेली असते. ती संपली की पात्र माणूसही दारातच राहतो. अडचणीतल्या घराचा गॅस किंवा वीज १५ नोव्हेंबर ते १५ मार्च तोडता येत नाही. तेलाला ते कवच नाही. टाकी संपली की घर गार. संविभाग म्हणायचा तर तो अर्धाच झाला आहे. उरलेला अर्धा मागणं हेही धर्माचंच काम आहे.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की हे पैसे हातात येतच नाहीत, थेट तेलवाल्याकडे जातात. काकू काकांकडे बघत राहिल्या. गोधडीतून काकांचा डावा, चालता हात बाहेर आला आणि त्यांनी टेबलावरचं पेन काकूंकडे ढकललं. आम्ही अर्ज भरला. तीस दिवसांचे पगाराचे कागद, तेलाचं बिल, भाडेकरार. पाऊण तास लागला.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर नक्की असेल, घरातही कानटोपी घालून बसणारं. त्यांच्यावर आधी बोलायची वेळ आणू नका. अर्ज घेऊन तुम्हीच जा, शेजारी बसून भरा. आमच्या राज्यात ही मदत १ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३० एप्रिलला बंद होते.