नाव, स्थान आणि शोध

ज्ञानाच्या साठ्यापर्यंत पोहोचण्याच्या दोन वाटा आहेत: एक स्थानाची, दुसरी नावाची. अमरकोशात शब्द वर्गांनुसार येतात. भूमी, नगर, पर्वत, वनौषधी अशी त्यांची कुळे आहेत. तेथे एक शब्द शोधताना त्याचे सगेसोयरेही भेटतात. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात वर्णक्रम आहे. तेथे नाव ठाऊक असले की पुरे. शेजारचा शब्द केवळ अक्षरयोगाने शेजारी असतो.

संगणकाच्या पडद्यावरील मेन्यू हा अमरकोशाच्या जातीचा. आज्ञांची संख्या वाढली, तसे त्यांचे वर्ग व उपवर्ग वाढले आणि माणूस त्यांत हरवू लागला. मग नावाची वाट आली. अॅपलच्या मॅक संगणकांवरील ‘लेपर्ड’ या २००७ सालच्या प्रणालीत ‘हेल्प’ या मेन्यूतच शोधाची चौकट दिली गेली. तीत आज्ञेचे नाव लिहून उत्तरावर निर्देश नेला की मूळ मेन्यू उघडतो आणि एक बाण त्या आज्ञेचे स्थान दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस २०१६’मधील ‘टेल मी’ची रीत वेगळी. तेथे नाव लिहिले की आज्ञा समोर येते आणि तेथल्या तेथे काम उरकते. ती मुळात कोठे नांदते, हे कळण्याची गरज उरत नाही.

हा भेद केवळ सोयीचा नाही. पत्ता विचारणाऱ्याला घरापर्यंत पोहोचवून देणे आणि त्याला रस्ता दाखवणे, दोन्ही उपकारच. परंतु पहिल्या उपकारानंतर तो पुन्हा तितकाच परावलंबी राहतो. दुसऱ्यानंतर गाव थोडे त्याचे होते.

याहून कठीण प्रश्न नावाचा आहे. जे ठाऊकच नाही ते शोधावे कसे, हा प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातील पेच येथे नव्याने उभा राहतो. बेंगळुरूच्या महादेवपुरा भागातील सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत मराठी शाळांतून आलेली माणसेही काम करतात. त्यांच्यापैकी एखाद्याला परिच्छेदाच्या आरंभी सोडायची जागा नेमकी ठाऊक असते. तिला ‘इंडेंट’ म्हणतात, एवढेच ठाऊक नसते. इंग्रजी मेन्यूतील शोधाची चौकट अशा वेळी मुकी राहते. मेन्यू मात्र त्याला नाव न विचारता सारे मांडून दाखवतो, आणि दिसलेल्या शब्दावरून तो आपली वस्तू ओळखतो. शोध जाणत्याची सेवा करतो. मांडणी अजाणत्याचा मान राखते.

म्हणून बाण दाखवणारा शोध अधिक न्याय्य म्हणावा लागेल. तो नावाकडून स्थानाकडे परत नेतो. तरीही एक उणीव उरते. ही चौकट ‘हेल्प’च्या आड आहे. मदत मागण्यात कमीपणा मानणारा तेथे जात नाही, आणि जिची सर्वाधिक गरज आहे त्या नवख्याला ती तेथे आहे हेच ठाऊक नसते. जी मदत मिळवण्यासाठी आधी तिचाच पत्ता ठाऊक असावा लागतो, ती मदत अद्याप अपुरी आहे.