छायेतली शकुंतला

संस्कृत नाटकांच्या छापील आवृत्त्यांत प्राकृत संवादांना जोडून त्यांचे संस्कृत रूपांतर दिलेले असते. त्याला ‘छाया’ म्हणतात. महाविद्यालयात आम्हांला छायाच वाचायला सांगत. त्यामुळे ‘अभिज्ञानशाकुन्तल’ वाचलेल्या कितीतरी जणांनी शकुंतलेचे स्वतःचे शब्द वाचलेलेच नसतात.

पाचव्या अंकात हे फार खटकते. दुष्यंत तिला ओळख देत नाही. ती ‘अज्जउत्त’ अशी हाक मारते आणि अर्ध्यावरच थांबते. नवऱ्याला अशी हाक मारण्याचा हक्कच आता शंकेत आहे! मग ती त्याला कुळाच्या नावाने ‘पोरव’ म्हणते, आणि पुढे संतापून थेट ‘अणज्ज’. छायेत याचे ‘आर्यपुत्र’, ‘पौरव’ आणि ‘अनार्य’ होते. अर्थ राहतो, पण ज्या ‘अज्ज’शी आपल्या ‘आजा’चे नाते आहे तो उच्चार जातो, आणि ती राजाच्याच भाषेत भांडू लागते. रंगमंचावर राजा संस्कृतात बोलतो, ती शौरसेनीत, आणि मध्ये दुभाषी नसतो. त्याला तिची भाषा नीट कळते. तो नाकारतो ते तिचे म्हणणे. छाया लागते ती आपल्याला.

कोणाचे म्हणणे त्याचे शब्द वगळून, केवळ अर्थाने पोचले, तर त्याचे ऐकले असे म्हणावे का? कोणी म्हणेल, नाटकातली प्राकृत हीदेखील संकेताचीच भाषा. वररुचीसारख्यांनी तिचे नियम बांधले, आणि विदूषक ब्राह्मण असूनही तीच बोलतो. हे मान्य. तरी कालिदासाने तिच्या तोंडी घातलेले शब्द हेच आहेत. शिवाय प्राकृत मुळात दुय्यम नव्हती. अशोकाच्या धर्मलिपी आणि सातवाहनांचा नाणेघाटातला लेख प्राकृतात आहेत. रुद्रदामनचा जुनागढचा मोठा संस्कृत लेख त्यांच्यानंतरचा, इ. स. 150 च्या सुमाराचा. हेमचंद्राने प्राकृताची ‘प्रकृती’ संस्कृत मानली. त्याच्या आधी नमिसाधूने मात्र प्राकृत म्हणजे लोकांचे सहज बोलणे, असे म्हटले होते. आपले अभ्यासक्रम नकळत हेमचंद्राच्या बाजूला बसले आहेत.

छाया नसती तर ‘गाथासप्तशती’ माझ्या हाती लागली नसती, हेही खरे. ती काढून टाका असे मी म्हणत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात दर्जा दिला. मला त्याहून लहान गोष्ट हवी आहे: पाचवा अंक शिकवताना तिचे वाक्य आधी तिच्या शब्दांत मोठ्याने वाचावे, छाया नंतर.