मौखिक इंग्रजीची परीक्षा आणि समवायाचा धडा

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना इंग्रजीभाषक देशात शिकण्यासाठी किंवा व्यवसाय करण्यासाठी जायचे असेल, तर आपले भाषाज्ञान प्रमाणित करून घ्यावे लागते आणि त्यासाठीच्या परीक्षांमध्ये उमेदवारांना सर्वांत जास्त धास्ती असते ती मौखिक मुलाखतीची. लेखनात खोडून पुन्हा लिहिता येते, वाचनात मागची ओळ पुन्हा पाहता येते. संभाषणात मात्र विचार करणे, शब्द निवडणे, उच्चारणे आणि समोरच्याचे ऐकणे ही सारी कामे एकाच वेळी करावी लागतात. म्हणूनच या मुलाखतीची तयारी कशी करावी हा प्रश्न वरवर परीक्षातंत्राचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी भाषा शिकली कशी जाते हा शिक्षणशास्त्रातील जुना प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाशी वर्धा जिल्ह्याचा फार जवळचा संबंध आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, आयुर्वेद अशा शाखांची महाविद्यालये एकत्र येऊन २००५ मध्ये या शिक्षणसंकुलाला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःच्या पदव्या स्वतः देऊ शकणाऱ्या संस्थेचा, दर्जा मिळाला. या संकुलाशी जोडलेल्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. येथे पाठ्यपुस्तके, व्याख्याने आणि केसपेपर इंग्रजीत असतात. खाटेवरचा रुग्ण मात्र वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीत किंवा हिंदीत बोलतो. परिचर्येचे किंवा वैद्यकाचे शिक्षण घेणारा विद्यार्थी या दोन भाषाव्यवहारांच्या मध्ये दिवसभर उभा असतो. त्यामुळे परदेशी नोंदणीसाठी इंग्रजीची मुलाखत देण्याची वेळ त्याच्यावर येते तेव्हा त्याच्या हाती किती भांडवल आहे आणि त्याचा वापर तो कितपत करतो, हे पाहणे उद्बोधक ठरते.

प्रथम या परीक्षा नेमके काय मोजतात हे पाहिले पाहिजे. सर्वाधिक परिचित असलेल्या आयईएल्टीएस या परीक्षेची मुलाखत ११ ते १४ मिनिटांची असते. तिच्या पहिल्या भागात घर, गाव, अभ्यास, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने अधिक अमूर्त स्वरूपाची चर्चा होते. ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकता आणि उच्चार या चार निकषांना समान वजन असते. आरोग्यव्यवसायांसाठी ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेली ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजेच ओईटी, ही परीक्षा याहून वेगळी आहे. तिच्यात पाच-पाच मिनिटांचे दोन भूमिकाभिनय असतात. उमेदवार स्वतःच्या व्यवसायाच्या भूमिकेत राहतो, समोरची प्रशिक्षित व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते, प्रसंग आणि कामे लिहिलेले कार्ड वाचायला सुमारे तीन मिनिटे मिळतात आणि संभाषण ध्वनिमुद्रित करून परीक्षकांकडे पाठवले जाते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१७ पासून ओईटी स्वीकारली असून, आयईएल्टीएस देणाऱ्या परिचारिकेला भाषण, श्रवण आणि वाचन यांत ७ आणि लेखनात ६.५ गुणांकन मिळवावे लागते.

ओईटीच्या भाषण परीक्षेत भाषिक निकषांच्या जोडीने २०१८ पासून रुग्णसंवादाचे निकषही मोजले जातात. रुग्णाशी विश्वासाचे नाते जुळवणे, त्याची समजूत व भीती जाणून घेऊन तिला उत्तरात स्थान देणे, बोलण्याला क्रम देणे, माहिती काढून घेणे आणि माहिती देणे असे हे पाच निकष आहेत. यांपैकी एकही केवळ इंग्रजीचा निकष नाही. कोणत्याही भाषेत रुग्णाशी नीट बोलणाऱ्या माणसाकडे असावे लागणारे हे गुण आहेत. आयईएल्टीएसमधील ओघ आणि सुसंगती हा निकषदेखील बोलण्याच्या वेगापेक्षा विचारांच्या जोडणीवर अधिक उभा आहे. या परीक्षांत विशिष्ट परदेशी ढंगाचा उच्चार अपेक्षित नसतो, ऐकणाऱ्याला विनासायास समजेल असा उच्चार अपेक्षित असतो आणि पाठ केलेले उत्तर प्रश्नाशी न जुळल्याने सहज ओळखू येते.

असे असूनही प्रत्यक्ष तयारी बहुधा याच्या उलट दिशेने होते. संभाव्य प्रश्नांची यादी, त्यांची तयार उत्तरे, उत्तरात पेरायच्या भारदस्त वाक्प्रचारांची वही आणि ध्वनिफिती ऐकून केलेली उच्चारांची नक्कल एवढ्यावर अनेकांचे महिने खर्च होतात. याचा दोष केवळ उमेदवारांना देता येणार नाही. महाराष्ट्रातील शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, परंतु वर्गात इंग्रजी हा बहुतांशी प्रश्नोत्तरे लिहून काढण्याचा आणि गाइडमधून पाठ करण्याचा विषय राहिला. त्याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. त्या पाठमालेने मराठी माणसाला इंग्रजी वाक्यरचनेची भक्कम जाण दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र मनात मराठी वाक्य पूर्ण रचून मग त्याचे इंग्रजी करायचे ही जी सवय भाषांतरपद्धतीने लागते, ती लेखनात चालून जाते आणि संभाषणात अडथळा बनते, कारण समोरचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही.

या सवयीतून बाहेर पडण्याची एक वाट वर्ध्यातच ८० हून अधिक वर्षांपूर्वी दाखवली गेली होती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक श्रमाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही तत्त्वे स्वीकारली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यांना अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि सेवाग्रामला नई तालीमचे, म्हणजे या नव्या शिक्षणाचे, काम उभे राहिले. या विचारातील शिक्षणपद्धतीला समवाय म्हणतात. हाती घेतलेल्या कामातच त्यासाठी लागणारे गणित, विज्ञान आणि भाषा यांचे शिक्षण गुंफणे, असा तिचा अर्थ आहे. सूत कातणारे मूल तारांची मोजणी करताना गणित शिकते आणि कापसाच्या प्रवासातून भूगोल व इतिहास शिकते, अशी ती कल्पना होती.

नई तालीमने इंग्रजी माध्यमाला विरोध केला होता, तेव्हा इंग्रजी मुलाखतीच्या तयारीसाठी तिचाच आधार घेणे विसंगत आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु तो विरोध मुलाचे विचार करण्याचे साधन हिरावून घेणाऱ्या माध्यमाला होता. आणखी एक भाषा शिकण्याला नव्हता. स्वतः विनोबांनी अनेक भारतीय भाषा आत्मसात केल्या होत्या आणि भूदानाच्या पदयात्रेत प्रांतोप्रांतीच्या लोकांशी जवळीक साधताना ते भाषाज्ञान त्यांच्या उपयोगी पडले. कामातून भाषा आणि मातृभाषेच्या पायावर विचार ही नई तालीमची दोन सूत्रे सावंगीच्या विद्यार्थ्याला लावली, तर त्याच्या तयारीचे स्वरूपच बदलते.

याचे एक उदाहरण जवळून पाहता येईल. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांनाही आजाराचा त्रास नसला तरी प्रत्येकाकडे त्याचे एक जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वॉर्डातील परिचारिका एखाद्या आईला हे समजावते तेव्हा तिला पुष्कळ गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘माझ्याच रक्तात दोष आहे का’ ही न विचारलेली शंका तिला ओळखावी लागते, चारात एक म्हणजे चौथेच मूल आजारी निघेल असे नव्हे हे साध्या शब्दांत सांगावे लागते, पाणी भरपूर पाजणे आणि उन्हातान्हात व कडक थंडीत जपणे यांचे कारण द्यावे लागते आणि शेवटी ‘मावशी, लेकराले ताप आला तर घरी थांबू नका, तेव्हाच दवाखान्यात घेऊन या’ असे बजावून ते आईकडूनच पुन्हा वदवून घ्यावे लागते. शंका ओळखणे, समजेल तेवढ्या तुकड्यांत सांगणे, कारण देणे आणि समजले की नाही याची खात्री करणे हा क्रम ओईटीच्या पाचही निकषांना पुरून उरतो. जी परिचारिका हे संभाषण मराठीत उत्तम करते तिला इंग्रजीत नवी गोष्ट शिकायची नसते. जे तिला येते त्यासाठी इंग्रजी वाक्ये कमवायची असतात.

ती वाक्ये पाठ्यपुस्तकातील इंग्रजीपेक्षा निराळी असतात, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. विद्यार्थ्याने शिकलेले इंग्रजी निदानाचे आणि अहवालाचे असते. रुग्णाशी बोलताना त्यातले पारिभाषिक शब्द तसेच वापरले तर भाषेच्या औचित्याच्या निकषावर गुण जातात. मराठीत बोलताना हीच परिचारिका ‘उच्च रक्तदाब’ न म्हणता ‘बीपी वाढलंय’ म्हणते, म्हणजे औचित्याचे भान तिला आहेच. म्हणून तयारीची सुरुवात प्रश्नसंचापासून करण्याऐवजी दिवसभरात वॉर्डात झालेल्या एखाद्या संभाषणापासून करावी. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळून तेच संभाषण सहकाऱ्याबरोबर इंग्रजीत पुन्हा घडवावे, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, जिथे अडखळले तिथे विचार अडला की शब्द अडला हे तपासावे आणि दुसऱ्या दिवशी भूमिका बदलून पुन्हा करावे. आयईएल्टीएसच्या सलग भाषणासाठीही हाच उपाय चालतो, कारण स्वतः केलेल्या आणि पाहिलेल्या कामाबद्दल बोलताना सांगण्यासारखे पुष्कळ असते आणि जिथे सांगण्यासारखे असते तिथे ओघ टिकतो.

उच्चारांच्या बाबतीतही नक्कल करण्यापेक्षा मराठी जिभेची नेमकी बलस्थाने आणि उणिवा जाणून घेणे अधिक फलदायी ठरते. ‘माझा’ या शब्दातील झ उच्चारणाऱ्याला झेब्रा या शब्दाचा आरंभ अवघड जात नाही, स आणि श यांतील भेदही मराठी भाषकाला सवयीचा असतो. याउलट ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ या शब्दांचे आरंभीचे दोन वेगळे ध्वनी मराठीत एकाच ‘व’मध्ये मिसळतात आणि ‘लिव्ह’ व ‘लीव्ह’ यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बोलण्यात पुसट होतो. सर्वांत महत्त्वाचा आहे तो शब्दातील आघात, म्हणजे एखाद्या अक्षरावर दिला जाणारा जोर. मराठीत आघात बदलल्याने सहसा शब्द बदलत नाही, त्यामुळे त्याकडे कानाचे लक्ष नसते. इंग्रजीत मात्र ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील फरक ऐकणाऱ्याला बऱ्याच अंशी आघातावरून कळतो. औषधाची मात्रा १५ मिलिग्रॅम आहे की ५० हे ऐकण्यात चुकले, तर प्रश्न गुणांचा राहत नाही, रुग्णाच्या जिवाचा होतो. परीक्षेतील सुबोध उच्चाराच्या निकषामागे असलेले हे कारण विद्यार्थ्याला समजले, की परकीय ढंगाचे आकर्षण आपोआप मागे पडते.

या साऱ्या तयारीला एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. ग्रामीण भागाच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांतून तयार झालेले मनुष्यबळ परदेशी पाठवण्याच्या तयारीला हातभार का लावावा, असे विचारले जाते. मनुष्यबळाच्या गळतीचे उत्तर वेतन, कामाची सुरक्षितता आणि सन्मान यांत शोधावे लागेल. विद्यार्थ्याला इंग्रजीत मुके ठेवून गळती थांबवणे हे अन्यायाचे आहे. मात्र या आक्षेपातून तयारीची एक कसोटी मिळते. पाठ केलेली उत्तरे परीक्षेबाहेर निरुपयोगी असतात. ज्याची निवड झाली नाही त्याच्या हाती त्यातून काहीच उरत नाही. रुग्णसंवादातून झालेली तयारी मात्र परीक्षा देणाऱ्याला, न देणाऱ्याला आणि नापास झालेल्यालाही सारखीच उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे त्याचे मराठीतील बोलणेही अधिक सजग होते. तिचा पहिला लाभार्थी सावंगीच्या वॉर्डातील रुग्ण असतो.

म्हणूनच ही तयारी खासगी क्लासवर सोडून देणे योग्य नाही. फी भरू शकणारा आणि न भरू शकणारा यांच्यातील अंतर त्यातून वाढते. परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संभाषणात्मक इंग्रजी हा विषय आहे आणि वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचे शिक्षण समाविष्ट आहे. हे दोन धागे भाषाशिक्षक आणि वॉर्डातील ज्येष्ठ परिचारिका यांनी एकत्र विणले आणि रुग्णाशी मराठीत झालेले संभाषण हाच इंग्रजीच्या तासाचा पाठ मानला, तर समवायाचे तत्त्व जिथे मांडले गेले त्या परिसरातच ते नव्या कामासाठी सिद्ध होईल. मुलाखतीत उत्तीर्ण होणे हे या शिक्षणाचे एक फळ असेल. परंतु समोरच्या माणसाचे ऐकून, त्याला समजेल असे, त्याच्या हिताचे बोलता येणे हे उद्दिष्ट ठेवले तरच ती तयारी शिक्षण या नावाला पात्र ठरते.